७-१२ म्हणजे नक्की किती फूट? लवकर सांगा

पिंपरीचा_पाहुणा
नमस्कार मंडळी. ७-१२ म्हणजे किती फूट होतात? नेटवर बघून गुणाकार केला तर ४७० येतंय, ते शक्यच नाही. कुंपणवाला उद्या सकाळी ९ला येतोय आणि त्याला आज रात्रीच रनिंग फूट कळवायचे आहेत. नुसता आकडा दिला तरी चालेल. आगाऊ धन्यवाद.

शेतीवेडा
सातबाऱ्यावर फूट नसतात हो. तिथे क्षेत्र असतं, तेही हेक्टर-आर-चौरस मीटरमध्ये. उताऱ्यावर काय लिहिलंय ते टाका, लगेच काढून देतो.

पिंपरीचा_पाहुणा
सातबारा नाही! ७-१२ हा आकडा आहे. नकाशावर लिहिलाय.

अप्पा_बारामती
सातबारा आता ऑनलाइन मिळतो, डिजिटल सहीचासुद्धा. तलाठ्याकडे चकरा मारू नका.

शेतीवेडा
कसला नकाशा? गटाचा, फाळणीचा, गावठाणाचा? गाव कुठलं? फोटो टाका बघू.

पिंपरीचा_पाहुणा
फोटो टाकत नाही, शेजारीही इथे वाचत असायचा. गाव वाईजवळ. लांबीच विचारतोय, एवढं अवघड आहे का?

गुंठामंत्री
एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवा. गुंठा आणि आर एक नव्हे. गुंठा म्हणजे ३३ × ३३ = १०८९ चौ. फूट. आर म्हणजे १०० चौ. मी., साधारण १०७६ चौ. फूट. लोक दोन्ही एकच धरतात आणि एकरामागे ५०० चौ. फुटांना फसतात. दुसरं, गुंठा-दोन गुंठे घेणार असाल तर तुकडेबंदी आधी बघा, १९४७ पासून कायदा आहे.

पिंपरीचा_पाहुणा
मी काही घेत नाहीये. जमीन आजोबांपासून आमचीच आहे. क्षेत्र नको, लांबी हवी आहे, लांबी.

साखळीवाला
(३१ वर्षं मोजणीत काढली, आता घरी.) ४७० कुठून आलं ते सांगा, म्हणजे चूक कुठे झाली ते कळेल. आणि कागद कसा दिसतो त्याचं वर्णन करा.

पिंपरीचा_पाहुणा
नेटवर १ साखळी = ६६ फूट असं आहे. ७.१२ × ६६ = ४६९.९२. कागद पिवळा पडलाय, वर मोडीत काहीतरी आहे. शेताच्या मधून एक लांब रेघ, तिला दोन्ही अंगांनी काड्या फुटल्यासारख्या आखूड रेघा, प्रत्येकीवर आकडे. पूर्वेच्या बांधालगत ७-१२. बांध मी गेल्या रविवारी टेपने मोजला, २५४ फूट भरला.

साखळीवाला
अहो मग हे टिपण आहे, जुन्या मोजणीचा मूळ कागद! पहिल्या ओळीत एवढा एक शब्द लिहिला असता तर अर्धा धागा वाचला असता.

कोपऱ्यावरचा_इंजिनीअर
६६ फुटी ती गंटरची साखळी. एडमंड गंटर नावाच्या इंग्रज गणितज्ञाने १६२० च्या सुमारास आणली. तिच्यात १०० कड्या. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्ड असते ना, ती बरोब्बर एक गंटर साखळी. मुंबई इलाख्याच्या जमीन मोजणीत मात्र शंकू साखळी, ३३ फुटी. म्हणजे अर्धी खेळपट्टी. तेव्हा ७.१२ × ३३ = २३४.९६. धरा २३५ फूट. मीटर हवे असतील तर ०.३०४८ ने गुणा.

पिंपरीचा_पाहुणा
२३५??? आणि बांध भरतोय २५४. म्हणजे १९ फूट जास्त आमच्याकडे? आजोबांनी बांध कोरला की काय? शेजारी दोन वर्षं हेच म्हणतोय आणि मी त्याच्याशी भांडतोय.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या भंडाऱ्याकडच्या जुन्या नकाशात कड्याच आहेत भाऊ, साखळी ६६ चीच. उगाच सगळीकडे ३३ लावू नका.

कोपऱ्यावरचा_इंजिनीअर
वाई भंडाऱ्यात नाही.

वऱ्हाडी_ठेचा
महाराष्ट्र पुण्यापाशी संपतो का?

साखळीवाला
दोघंही थांबा. गाव बघून ठरवू नका, कागद बघा. कड्या लिहिल्या असतील तर गंटर, आणे असतील तर शंकू. पाहुणे, तुमच्या टिपणात ७-१२ सारख्या आकड्यांत मधल्या आडव्या रेघेच्या उजवीकडचा आकडा १५ च्या वर कुठे जातो का?

पिंपरीचा_पाहुणा
बघतो. ३-४, ५-९, ०-१४, ७-१२, २-१५, ११-०... नाही, १५ च्या वर एकही नाही.

साखळीवाला
मग झालं की. ते आणे आहेत. शंकू साखळीचे भाग १६, रुपयाचे आणे असत तसे. त्यामुळे ७-१२ म्हणजे सात दशांश बारा नव्हे, सात साखळ्या बारा आणे. पावणेआठ साखळ्या. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हापासून पोरांच्या डोक्यातून सोळाचा हिशोब गेला, आणि आडवी रेघ दिसली की दशांश चिन्ह समजतात.

७.७५ × ३३ = २५५.७५. म्हणजे २५५ फूट ९ इंच. आजोबांनी काही कोरलेलं नाही.

कोपऱ्यावरचा_इंजिनीअर
हो, ते मान्य. आण्यांचं डोक्यातच आलं नाही. ७७.९५ मीटर.

सुतारपक्षी
३.२८ ने भागलं की झालं, ७८ मीटर. एवढं ०.३०४८ कशाला? आम्ही साइटवर आयुष्यभर ३.२८ वापरलं. फॅब्रिकेटर तर अजून सूत मोजतो. इंचाचे ८ सूत, ४ सूत म्हणजे अर्धा इंच. त्याला मिलिमीटर सांगितले तर तो आधी सुतात नेतो, मग कापतो.

कोपऱ्यावरचा_इंजिनीअर
३.२८ ने २ सेंटीमीटर जास्त येतात. ०.३०४८ हे अचूक आहे, १९५९ च्या करारापासून इंच म्हणजे २५.४ मिमी. कारण नसताना चूक का करायची?

सुतारपक्षी
काटेरी तारेचं कुंपण आहे साहेब, धरण नाही.

न्यूजर्सीकर
इथे गंमत अशी की परवापरवापर्यंत अमेरिकेत दोन फूट होते. एक साधा आणि एक मोजणीदारांचा, सर्व्हे फूट. २०२२ अखेर दुसरा बाद केला. पाहुण्यांनी कोणता फूट धरलाय?

सुतारपक्षी
त्या दोन फुटांचा फरक या बांधावर पाव मिलिमीटरसुद्धा भरायचा नाही. झोपा आता.

पिंपरीचा_पाहुणा
साखळीवाले काका, देवासारखे आलात. पण टेपने २५४ आणि कागदावर २५५-९. पावणेदोन फूट गेले कुठे? ते शेजाऱ्याने खाल्ले असणार. उद्या त्याला हेच दाखवतो.

साखळीवाला
अजिबात दाखवू नका. नीट वाचा.

एक आणा किती? ३३ फुटांचा सोळावा हिस्सा, म्हणजे २ फूट पाऊण इंच. तुमच्या टिपणात पाव आणा, अर्धा आणा कुठेच लिहिलेला नाही, सगळे पूर्ण आणे. म्हणजे ज्याने मोजलं त्याने जवळचा आणा धरला. खरी लांबी २५५-९ च्या फूटभर अलीकडे किंवा फूटभर पलीकडे असू शकते. जो इंच कागदात कधी उतरलाच नाही, तो आता कागदातून कसा काढणार? शिवाय लोखंडी साखळी ढेकळांवरून ओढत नेलेली, कुठे चढ, कुठे उतार.

तुमची टेप कसली? बांध सरळ आहे का? मध्ये झाड आहे?

पिंपरीचा_पाहुणा
कापडी, ५० फुटी. पाच वेळा टाकली आणि वर ४. दुसरं टोक मुलाने धरलं होतं. मध्ये बाभूळ आहे, तिला जरा वळसा घातला.

साखळीवाला
म्हणजे सहा वेळा खूण केली, सहा वेळा वाकलात, आणि बाभळीला प्रदक्षिणा. त्यात पावणेदोन फुटांचा हिशोब शेजाऱ्याच्या अंगावर घालताय.

आणि अजून एक. टिपणात मधली रेघ ही मोजणीची मुख्य रेघ, काड्या म्हणजे तिच्यावरून बांधापर्यंत टाकलेले लंब. प्रत्येक आकडा बांधाचाच असतो असं नाही. तुमचा ७-१२ खरंच बांधालगत आहे ना?

पिंपरीचा_पाहुणा
बांधालगतच आहे, दोन्ही टोकांना दगडांच्या खुणा दाखवल्यात. त्यातला उत्तरेचा दगड जागेवर आहे. दक्षिणेचा मी लहानपणी पाहिलाय, आता तिथे शेजाऱ्याचा पाइप आहे.

गुंठामंत्री
पाइप! आता खरं बाहेर आलं. हे सुरुवातीला का नाही सांगितलं?

साखळीवाला
मग उद्या कुंपण घालू नका. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज करा, शेजाऱ्याला नोटीस जाईल, मोजणीदार दोघांसमोर खुणा करून देईल. आता यंत्राने मोजतात, साखळी राहिली नाही. खुणा पडल्यावर खांब रोवा.

शेतीवेडा
मोजणीला किती महिने लागतात माहितीये का? तोवर शेजारी अजून पाइप टाकेल. माझ्या भावाने सरळ कुंपण घातलं, मग बघू म्हणाला.

साखळीवाला
मग काय झालं?

शेतीवेडा
केस चालू आहे.

वैशाली_ना
विषयांतराबद्दल माफी, पण लांबीचे जाणकार जमलेत म्हणून विचारते. आईच्या नऊवारीसाठी दुकानदार ८ मीटर कापड देतोय, म्हणतो तेवढंच असतं. बरोबर आहे का?

कोपऱ्यावरचा_इंजिनीअर
वार म्हणजे यार्ड, ०.९१४४ मीटर. नऊ वार = ८.२३ मीटर. २३ सेंटीमीटर कमी देतोय.

वैशाली_ना
म्हणजे वीतभर. तरीच मागच्या वेळी काष्टा घालताना ओढाताण होत होती. धन्यवाद!

पिंपरीचा_पाहुणा
कुंपणवाल्याला फोन केला. म्हणतो, हद्दीचा वाद असेल तर मीही येत नाही, मागे एकाने खांब उपटून माझ्याच गाडीत टाकले होते. माल तेवढा सांगून ठेवा म्हणाला. १० फुटांवर खांब, तारेचे तीन पदर. २५६ फूट धरून २६ खांब बरोबर ना?

सुतारपक्षी
२६ गाळे, २७ खांब. शेवटचा खांब सगळे विसरतात. तार ७८ × ३ = २३४ मीटर, वर गाठी आणि ताणासाठी थोडी जास्त घ्या.

पिंपरीचा_पाहुणा
२७. ओके. सोमवारी रजा टाकून मोजणीचा अर्ज देतो. त्याला टिपणाची नक्कल जोडावी लागते का, की नुसता सातबारा चालेल?

अप्पा_बारामती
सातबारा ऑनलाइन मिळतो. वर सांगितलंच होतं.