झऱ्यावरून येणारी पाण्याची लाइन: प्लंबर दोनदा येऊनही दोष सापडला नाही, पुढे काय करावे?

प्रश्न

आमचे घर वस्तीपासून बरेच दूर, डोंगराच्या उतारावर एकटेच आहे. वरच्या अंगाला झऱ्यापाशी एक लहान कुंडी बांधून तेथून ३२ मिमीच्या एचडीपीई (एक प्रकारचे प्लास्टिक) पाइपने पाणी घरापर्यंत आणले आहे. पाइपची लांबी सुमारे ७०० मीटर असून कुंडीतील पाण्याची पातळी घरच्या नळापेक्षा २४ मीटर उंच आहे. पाइप सलग उतरत येत नाही. आधी तो एका घळीत उतरतो, मग एका टेकाडावर चढतो आणि तेथून पुन्हा घराकडे उतरतो. पहिली दोन वर्षे पाणी उत्तम येत असे. आता मात्र सकाळी नळ सोडला की तो आधी फुरफुरतो, मग बारीक धार लागते आणि २० लिटरची बादली भरायला साडेतीन मिनिटे लागतात.

प्लंबरना आमच्यापर्यंत पोहोचायला तीन तास लागतात. ते दोनदा येऊन गेले. पहिल्या खेपेस त्यांनी नळ आणि घरातील व्हॉल्व्ह बदलले. दुसऱ्या खेपेस योग्य मापाचा कपलर (पाइपची दोन टोके जोडणारा भाग) जवळ नसल्यामुळे काम अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले. ते मनापासून काम करतात, त्यामुळे त्यांना बोल लावण्याची माझी इच्छा नाही. त्यांची तिसरी खेप वाया जाऊ नये म्हणून आम्ही आधी काय तपासून ठेवावे आणि अशा जागेसाठी प्लंबरशी कामाचे कसे ठरवावे, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १ (पाणीपुरवठ्याच्या कामातील अभियंता)

आपण लांबी, उंची आणि बादली भरण्याचा वेळ असे तिन्ही आकडे दिले, त्यामुळे बरेच काही घरबसल्या सांगता येते. आपल्या मापाच्या पाइपमधून एवढ्या उतारावर मिनिटाला साधारण २५ लिटर पाणी यायला हवे. आपल्याकडे ते ६ लिटरच्या आत आहे, म्हणजे अडथळा घरातल्या नळात नसून लाइनमध्ये कोठेतरी आहे.

तो शोधण्यासाठी एक साधा दाबमापक पुरेसा आहे. घरात पाइप शिरतो तेथे तो बसवावा आणि त्याच्या पुढचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करून काटा स्थिर होऊ द्यावा. १० मीटर उंचीच्या पाण्याचा दाब जवळजवळ १ बार असतो, तेव्हा आपल्याकडे काटा सुमारे २.४ बारवर थांबला पाहिजे. तो तेथे थांबला, पण व्हॉल्व्ह उघडताच दाब एकदम कोसळला आणि तरीही धार बारीकच राहिली, तर पाइपमध्ये किंवा कुंडीतल्या जाळीवर गाळ आहे किंवा वरचा एखादा व्हॉल्व्ह अर्धवट बंद आहे. नळ बंद असतानाच काटा खूप खाली थांबत असेल, तर टेकाडावर हवा अडकली असण्याची शक्यता अधिक. टेकाडाच्या पलीकडे उतरत्या भागात हवेचा जेवढ्या उंचीचा पट्टा अडकतो, तेवढ्या उंचीचा दाब खाली पोहोचतच नाही. मोठी गळती असली तरी काटा खालीच राहतो, म्हणून कुंडीजवळचा व्हॉल्व्हही बंद करून तासभर पाहावे. गळती असेल तर काटा घसरत जाईल.

प्रतिसाद २ (२० वर्षे दूरदूरच्या वस्त्यांवर काम करणारा प्लंबर)

वरील तपासणी अवश्य करावी. मी कामाची बाजू सांगतो, कारण अशा ठिकाणी आमचा निम्मा दिवस प्रवासात जातो आणि एका लहानशा जोडासाठी सगळा दिवस वाया गेल्याचे दुःख आम्हालाही असते.

बोलावण्यापूर्वी पाइपवर छापलेल्या ओळीचा स्पष्ट फोटो पाठवावा. त्या ओळीत पाइपचा प्रकार, बाहेरचा व्यास आणि दाबाचा दर्जा लिहिलेला असतो. नुसते ‘अर्धा इंची’ किंवा ‘एक इंची’ असे कळवल्याने फार घोटाळे होतात. अर्धा इंची आटे बाहेरून मोजले तर सुमारे २१ मिमी भरतात, आणि एचडीपीई पाइप मात्र बाहेरच्या व्यासानेच ओळखला जातो. त्यामुळे घरमालक मनापासून मोजतात आणि तरीही आम्ही चुकीचा माल घेऊन येतो. आपल्या कपलरचेही बहुधा असेच झाले असावे. आणखी एक सांगतो: एचडीपीई पाइपला पीव्हीसीचे सॉल्व्हंट धरत नाही. कोणी तसा जोड चिकटवून दिला असेल, तर तो कधीतरी सुटणारच. तेथे कॉम्प्रेशन जोड (चिकटवण्याऐवजी आवळून घट्ट बसवायचा जोड) वापरावा किंवा पाइप तापवून जोडून घ्यावा.

पैशांचे बोलणे आधीच स्पष्ट असावे. प्रवासाचा खर्च आणि कामाची मजुरी वेगळी धरावी आणि सुटा भाग नसल्याने परतावे लागले तर दुसऱ्या खेपेचा प्रवासखर्च कोणी द्यायचा, हेही ठरवून घ्यावे. माझे स्वतःचे मत असे आहे की, माप ज्याने चुकीचे दिले किंवा घेतले त्याने तो सोसावा. आसपास आणखी घरे असतील तर सर्वांची कामे जमवून एकाच दिवशी बोलवावे. ते सर्वांना परवडते आणि कारागीरही खुशीने येतो.

घरात एक पेटी कायम भरलेली असावी: आपल्या मापाचे दोन कॉम्प्रेशन कपलर, एक बॉल व्हॉल्व्ह, हातभर पाइप, टेफ्लॉन टेप, पाइप कापायची करवत आणि दोन पाने. लाइन फुटली तर पाणी बंद करून कपलर बसवणे घरातल्या कोणालाही अर्ध्या तासात शिकता येते. यामुळे आमचे काम कमी होईल अशी भीती मला कधीच वाटली नाही, कारण फुटलेल्या लाइनजवळ तीन दिवस पाण्यावाचून बसलेले कुटुंब पाहणे फार वाईट असते.

प्रतिसाद ३

आमच्याकडे जमिनीत पुरलेली लाइन नेमकी कोठून जाते हेच कोणाला आठवत नव्हते, म्हणून गळती शोधताना तीन ठिकाणी चर खणावे लागले. पुढच्या वेळी चर उघडा असेल तेव्हा बाजूला मापपट्टी ठेवून फोटो काढावेत आणि प्रत्येक जोडाचे अंतर घराच्या एखाद्या कोपऱ्यापासून मोजून लिहून ठेवावे.

प्रश्नकर्त्याचा पुढील प्रतिसाद

सर्वांचे मनापासून आभार. दाबमापक बसवला. नळ बंद असताना काटा १.६ बारवर थांबला आणि दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून तासभर पाहिले तरी हलला नाही. मग कुंडीजवळचा व्हॉल्व्ह उघडा आणि घराजवळचा बंद ठेवून टेकाडावरचा जोड थोडा सैल केला. कित्येक मिनिटे सूं सूं करीत हवा निघत राहिली आणि त्यानंतर पाणी आले. जोड पुन्हा आवळल्यावर काटा २.३ बारवर गेला आणि बादली ५५ सेकंदांत भरली. घरात सर्वांना झालेला आनंद शब्दांत सांगणे कठीण आहे. मात्र चौथ्या दिवशी सकाळी नळ पुन्हा फुरफुरला.

प्रतिसाद ४ (तोच अभियंता)

म्हणजे हवा नव्याने आत शिरते आहे, आणि ती बहुधा कुंडीतूनच शिरत असावी. झऱ्याचे पाणी बादलीत धरून मोजावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

मोजले. मिनिटाला ९ लिटर. पूर्वी ते बरेच जास्त असावे, कारण तेव्हा कुंडी नेहमी ओसंडून वाहत असे.

प्रतिसाद ५ (तोच अभियंता)

मग कोडे सुटले. लाइन मिनिटाला २२ लिटर ओढते आणि झरा ९ देतो, त्यामुळे सकाळी सर्वजण पाणी वापरू लागले की कुंडी उपसली जाते, पाइपचे तोंड उघडे पडते आणि हवा आत जाते. लाइन बदलण्याची मुळीच गरज नाही. ९ लिटरच्या हिशेबाने दिवसाला जवळजवळ १३,००० लिटर पाणी मिळते, आणि ते एका घराला भरपूर आहे. फक्त ते सावकाश घेतले पाहिजे. घराशी २,००० लिटरची टाकी ठेवावी, तिच्या तोंडाशी फ्लोट व्हॉल्व्ह (टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा) बसवावा आणि त्याआधीचा व्हॉल्व्ह एवढाच उघडावा की प्रवाह मिनिटाला ७ ते ८ लिटर राहील. खालचे टोक असे आवळलेले असले की सगळी लाइन भरलेली आणि दाबाखाली राहते. कुंडीतले पाइपचे तोंड तळाच्या गाळापासून वर, पण पाण्याखाली निदान ३० सेंमी असावे. टेकाडाच्या माथ्यावर एअर व्हॉल्व्ह (अडकलेली हवा आपोआप बाहेर सोडणारा) आणि घळीच्या तळाशी गाळ सोडण्यासाठी एक व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. माथा कुंडीतील पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे ना, हे मात्र आधी नीट पाहून घ्यावे. तो वर असेल तर एअर व्हॉल्व्ह उलट हवा आत घेईल.

प्रतिसाद ६ (तोच प्लंबर)

ही तिन्ही कामे एका दिवसात होतात. आपल्या प्लंबरना पाइपवरच्या छपाईचा फोटो, टाकीच्या तोंडाचे माप आणि घळ व टेकाड दाखवणारे हाताने काढलेले चित्र पाठवावे. टाकी ठेवायचा ओटा ते येण्यापूर्वी बांधून पक्का होऊ द्यावा, कारण २,००० लिटर म्हणजे दोन टन वजन. काम झाल्यावर लाइन क्लोरिन घालून धुऊन घ्यावी आणि ते पाणी वाहून जाऊ द्यावे. मगच पिण्यासाठी पाणी भरावे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद

चित्र आणि फोटो आजच पाठवले. प्लंबरनी पाहून लगेच विचारले की, एअर व्हॉल्व्हसाठी टेकाडावर झाकणाची लहान पेटी बांधून ठेवाल का. उद्या सकाळी ते काम सुरू करतो आहोत.