जुन्या लोकरी स्वेटरची बाळासाठी विजार: कापायची कशी, धुवायची कशी?

मीनल_एडिनबरा
नमस्कार. मुलगा साडेचार महिन्यांचा आहे. लंगोटावर प्लॅस्टिकची चड्डी घातली की जांघेत लाल होतं. इथल्या मैत्रिणीने जुन्या स्वेटरच्या विजारी दाखवल्या. लंगोटावर नुसती तीच घालायची. चॅरिटी शॉपमधून लॅम्ब्सवूलचा स्वेटर आणलाय. आई पुण्याहून येताना बाबांचे जुने स्वेटरही घेऊन आलीय, ट्रंकेतले, अजून डांबरगोळ्यांचा वास येतोय. माझ्याकडे साधं मशीन आहे. कसं कापू? आणि रोज धुवायची का?

टीपदोरा
मीनल, ट्रंकेतले स्वेटर आधी बाळाच्या खोलीबाहेर काढ. आपल्याकडची डांबरगोळी बहुतेक नॅफ्थलीनची असते. रक्तातल्या तांबड्या पेशींना जपणारं जी६पीडी एन्झाइम कमी असलेल्या तान्ह्या बाळांत त्याने त्या पेशी फुटतात, कावीळ वाढते. गोळ्यांत ठेवलेले कपडे नुसते अंगावर घातल्यानेही असं झाल्याच्या नोंदी आहेत, आणि कमतरता पुष्कळदा आधी माहीतच नसते. कितीही धुतला, उन्हात टाकला, तरी मी तो बाळाला घालणार नाही. शिवाय ते कॅशमिलॉनचे, म्हणजे कृत्रिम धाग्याचे, असतील तर उपयोगही नाही. एक धागा चिमट्यात धरून जाळून बघ. लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. कॅशमिलॉन वितळून टणक मणी होतो.

लॅम्ब्सवूल उत्तम. लोकर आपल्या वजनाच्या तीसेक टक्के ओल पोटात घेऊनही हाताला कोरडी लागते. आधी जुन्या टॉवेलबरोबर ६०° वर मशीनमध्ये धू. लोकरीचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटून दाट होतं आणि कापलेली कड उसवत नाही. लेबलवर ‘सुपरवॉश’ असेल तर आटणार नाही. मापं आटल्यावरच घे.

बाह्या म्हणजे पाय, मनगटाचे कफ घोट्याशी. बाह्या खांद्याशी काप, बगलेची शिवण वरून आसनाच्या उंचीइतकी (कमरेपासून जांघेपर्यंत) उसव आणि दोन्ही बाह्यांच्या त्या मोकळ्या कडा एकमेकींना पुढे-मागे जोड. चारही शिवणी मिळतात तिथे स्वेटरच्या पाठीतला चौकोनी तुकडा तिरपा बसव, पायजम्याला कळी घालतो तशी. ही कळी टाळू नकोस. लंगोटाचा सगळा फुगा तिथेच येतो. जागा मिळाली नाही तर विजार मागून खाली ओढली जाते आणि बाळाची कंबर उघडी पडते. कमरेला स्वेटरचाच खालचा पट्टा दुमडून लाव, नेफ्यात मऊ इलॅस्टिक घाल. टाका झिगझॅग, सुई ९० नंबरची बॉलपॉइंट (गोल टोकाची). कापड ओढू नकोस, नाहीतर टिपेला लाटा येतात. शिवणी बाहेरच्या अंगाला ठेव, म्हणजे बाळाला घासणार नाहीत.

नाशिकची_आत्या
बाळाला पाय पोटाशी घेता येतात का बघ गं. कंबर पोटावर चढेल इतकी उंच ठेव. धुवायला रिठ्याचं पाणी चालेल ना? आम्ही लोकर-रेशीम त्यातच धुतो.

टीपदोरा
चालेल आत्या, फक्त नीट गाळून घ्यायचं. मीनल, तुझ्याकडच्या ‘बायो’ लिहिलेल्या पावडरीत घालू नकोस. त्यातलं एन्झाइम प्रथिनं पचवतं, आणि लोकर प्रथिनच आहे.

रोज धुवायची नाही. शूने दमट झाली तर वाऱ्यावर टांग. सुकल्यावरही वास राहिला, किंवा शी लागली, तरच धू: कोमट पाणी, चोळायचं-पिळायचं नाही. पण लोकर आटली म्हणून ओल थांबत नाही, त्यासाठी लॅनोलिन लागतं, मेंढीच्या लोकरीतलं मेण. स्तनाग्रांना लावायला शुद्ध लॅनोलिनची ट्यूब घेतली असशील तर तीच चालेल. अर्धा चमचा लॅनोलिन आणि बेबी शाम्पूचे काही थेंब बरणीत गरम पाण्यात घालून दुधासारखं होईपर्यंत हलव, मग कोमट पाण्याच्या टबात ओत. विजार उलटी करून रात्रभर बुडव. सकाळी टॉवेलमध्ये गुंडाळून दाब आणि आडवी पसरून वाळव, रेडिएटरवर नाही. पहिल्या खेपेला हे दोनदा कर.

मीनल_एडिनबरा
बाबांच्या स्वेटरचा धागा जाळला, काळा मणीच झाला. ते स्वेटर पिशवीत बांधून घराबाहेरच्या शेडमध्ये ठेवलेत. लॅम्ब्सवूल आता मशीनमध्ये फिरतोय. ट्यूब घरात आहेच. एक विचारायचं राहिलं: विजार वाळल्यावर हाताला किंचित चिकट लागली तर?

टीपदोरा
लॅनोलिन जरा जास्त झालंय एवढंच. घालायला हरकत नाही, पुढच्या वेळी कमी घे.