चर्चा: सर्व चौकटींत बरोबरची खूण असलेल्या ‘पीडीआय’ला तपासणी म्हणावे काय?

गोदाकाठ (नाशिक)

गेल्या गुढीपाडव्याला मी नवी मोटारसायकल घेतली. हार, पेढे, मोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसह छायाचित्र असे सर्व सोपस्कार यथासांग झाले. घरी येताना गाडी वेग कमी करताना गुरगुरत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मधल्या स्टँडवर लावून पाहिली. साखळीला मधोमध 20 ते 30 मिलिमीटर सैलपणा असावा असे पुस्तिका सांगते. माझी साखळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताठ होती. मागच्या चाकाच्या आसाचा नट साध्या पान्याने सहज पाऊण फेरा फिरला आणि हँडल चाकाच्या रेषेशी थोडे तिरके बसवलेले होते.

ताबा देण्यापूर्वीच्या तपासणीचा, म्हणजे पीडीआयचा, तक्ता पुस्तिकेतच आहे. त्यातील प्रत्येक चौकटीत बरोबरची खूण आहे, आणि बॅटरीचे व्होल्टेज लिहिण्यासाठी जी रिकामी जागा ठेवलेली आहे, तिथेही आकड्याऐवजी बरोबरचीच खूण आहे. खाली सही आहे, नाव नाही.

माझे म्हणणे असे, की हा हलगर्जीपणा नसून खोटा दस्तऐवज आहे आणि त्याची जबाबदारी वितरकाइतकीच कंपनीचीही आहे. तपासणाऱ्याचे नाव आणि प्रत्यक्ष मोजलेले आकडे असलेला तक्ता ग्राहकाच्या हाती पडल्याशिवाय उरलेली रक्कम घेण्याची मुभा कोणत्याही वितरकाला असू नये.

बारा-तेराचा पाना

मी बावीस वर्षे वितरकांच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत, त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यातून बोलतो असे समजावे. आपल्या गाडीचे काम वाईट झाले, हे मान्य. परंतु ते का झाले, तेही ऐका.

दुचाकी ट्रकमधून उतरते तेव्हा आरसे काढलेले असतात आणि बॅटरी चार्ज करायची असते. ती चार्ज करणे, आरसे व हँडल बसवणे, नट टॉर्कच्या पान्याने आवळणे, साखळी आणि ब्रेकचा खेळ पाहणे, टायरची हवा मोजणे आणि एक फेरी मारून येणे, हे सर्व नीट केले तर बॅटरीचा वेळ सोडून एका गाडीला पाऊण तास लागतो. एरवी दिवसाला चार-पाच गाड्या जातात. पाडव्याला साठ जातात, माणसे तीच दोन. पाडवा साडेतीन मुहूर्तांपैकी एक पूर्ण मुहूर्त आहे, त्या दिवशी पंचांग उघडण्याचीही गरज नसते. तरीही साठांपैकी पन्नास ग्राहकांना गाडी सकाळी अकराच्या आतच हवी असते. अशा वेळी पेन पान्यापेक्षा वेगाने चालते.

आणखी एक गोष्ट बाहेर कोणी बोलत नाही. वर्कशॉपमधल्या माणसाची किंमत जॉबकार्डावर, म्हणजे ग्राहकाच्या गाडीच्या कामाची नोंद होते त्या कागदावर, ठरते. सर्व्हिसिंग, सुटे भाग, अपघाताची कामे यांतून पैसा दिसतो. पीडीआयचे बिल ग्राहकाच्या नावे फाटत नाही, म्हणून त्या कामावर नव्या पोराला उभे करतात.

हिशेबी

दोघांचेही ऐकले. दीड लाखाची वस्तू घेताना आपण साडी घेतो तितकीही ती उलगडून पाहत नाही, हा दोष कोणाचा? टायरच्या कडेवर चार आकडे असतात; 3724 असेल तर तो टायर 2024 सालच्या सदतिसाव्या आठवड्यातला. चेसिस क्रमांक कागदांशी ताडून पाहा, दिवसाउजेडी रंग पाहा, जाणकार मित्राला सोबत न्या. अर्ध्या तासाचे काम आहे. प्रत्येक गोष्टीसाठी नियम मागणाऱ्या ग्राहकाला शेवटी नियमही वाचवत नाही.

पंचगंगा (कोल्हापूर)

हिशेबी यांच्याशी मी पूर्णपणे असहमत आहे. टायरचे आकडे मीही पाहिले होते. परंतु नट किती आवळला आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि गाडीच्या पोटाखाली जाण्यासाठी मला शोरूममध्ये लिफ्ट कोण देणार होते?

माझ्या चारचाकीचा अनुभव सांगते. यार्डात पावसाळा काढलेली गाडी मला मिळाली. बॉनेटखालच्या वायरिंगचे वेष्टण उंदरांनी कुरतडले होते आणि मागच्या दाराच्या कडेला नंतर मारलेल्या रंगाची खरबरीत रेघ होती. हे मी ताबा घेण्यापूर्वीच दाखवले, तेव्हा उत्तर मिळाले, “मॅडम, पासिंग झालेले आहे, आता गाडी बदलता येणार नाही.” पैसे आधी भरून घेतले, विमा आधी उतरवला, माझ्या नावावर नोंदणी आधी केली, आणि गाडी सर्वांत शेवटी दाखवली. या क्रमात माझ्या अर्ध्या तासाच्या तपासणीला काय अर्थ उरतो?

गाड्या यार्डात किती काळ पडून राहतात, याचाही विचार करावा. फाडा या वितरकांच्या महासंघानेच सप्टेंबर 2024 मधील प्रवासी वाहनांचा साठा 80 ते 85 दिवसांचा असल्याचे सांगितले होते. इतके दिवस उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरते, आणि टायर एकाच जागी दबलेले राहतात. अशा गाडीला अधिक काटेकोर तपासणी लागते.

मांडवीकाठ (पणजी)

कायद्याच्या दोन बाबी नोंदवतो, कारण त्यांतील एक गोदाकाठ यांच्या विरोधात जाते.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 42 अन्वये नोंदणी, निदान तात्पुरती तरी, झाल्याशिवाय वितरकाला वाहन ग्राहकाच्या ताब्यात देता येत नाही. म्हणजे ताब्याआधी पासिंग हा क्रम कायद्यानेच ठरवलेला आहे. मात्र पासिंगआधी गाडी दाखवू नये, असे हा नियम म्हणत नाही. ती सोय वितरकांनी स्वतःची स्वतः करून घेतली आहे.

दुसरी बाब कंपनीच्या जबाबदारीची. आमच्या गोव्यातच एका ग्राहकाने 2011 च्या मॉडेलचे पैसे भरले आणि वितरकाने त्याच्या हाती 622 किलोमीटर धावलेली, खालून गंजलेली 2009 ची गाडी दिली. जिल्हा ग्राहक मंचापासून राष्ट्रीय ग्राहक आयोगापर्यंत सर्वांनी कंपनीलाही जबाबदार धरले. परंतु 18 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या कंपनीचे, म्हणजे टाटा मोटर्सचे, अपील मान्य केले. वितरक हा कंपनीचा हस्तक नसून स्वतंत्रपणे व्यवहार करणारा आहे आणि त्याने केलेल्या गोष्टीची माहिती कंपनीला होती असे सिद्ध झालेले नाही, असा त्याचा आशय होता. तेव्हा “कंपनीही तितकीच जबाबदार” हे वाक्य कानाला गोड वाटले, तरी पुराव्याशिवाय टिकणार नाही.

नाव आणि आकडे असलेला तक्ता मात्र मोलाचा आहे, तो याच कारणासाठी. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकाला स्वतःच्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते. पण आयोगापुढे उभे राहिल्यावर दोष ताब्याच्या वेळीच होता, हे दाखवावे लागते. व्होल्टेजच्या जागी बरोबरची खूण असलेला आपला कागद जपून ठेवा. कोऱ्या कागदापेक्षा तो वितरकाला अधिक अडचणीचा आहे.

बारा-तेराचा पाना

वकीलसाहेबांचे खरे आहे. पण पासिंगआधी गाडी दाखवण्यात वितरकाची अडचण काय, ती कोणी विचारलेली नाही. गाडी आधी दाखवली की ग्राहक पाच गाड्या पाहतो आणि सहावी मागतो. एकाला बंपरवरचा धुळीचा ओरखडा चालत नाही, दुसऱ्याला मीटरवर 4 किलोमीटर दिसले तरी ती चालवलेली गाडी वाटते. अहो, फेरी मारल्याशिवाय तपासणी व्हायची कशी? मीटरवर शून्य असेल, तर उलट शंका घ्यावी.

पंचगंगा (कोल्हापूर)

सहावी मागणारे असतीलही. म्हणून मला एकही दाखवायची नाही का? चेसिस क्रमांक ठरल्यावर, पासिंगची कागदपत्रे पाठवण्याआधी, तीच एक गाडी उजेडात उभी करून दाखवा आणि दोष सापडला तरच बदलून द्या, इतकीच मागणी आहे.

हिशेबी

पासिंगचा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, तो मान्य करतो. तरीही मागणी ग्राहकालाच करावी लागेल, आणि तीही आगाऊ रक्कम देताना बुकिंगच्या कागदावर लिहून घेऊन. नंतर शोरूममध्ये आवाज चढवण्यात अर्थ नाही.

गोदाकाठ (नाशिक)

कंपनीविषयीचे माझे विधान मी तूर्त मागे घेतो. बाकीचे कायम आहे. बारा-तेराचा पाना यांनी गर्दीचे कारण दिले, ते प्रामाणिक आहे, परंतु पाडव्याची तारीख वितरकालाही वर्षभर आधी ठाऊक असते. साठ गाड्यांची बुकिंग घेणाऱ्याने तपासणी आदल्या आठवड्यात का करू नये? माझ्याकडूनही चूक झाली. सेल्समनने गाडी दोन दिवसांनी नेण्याचा पर्याय दिला होता, तो मीच नाकारला, कारण आईला पाडव्यालाच गाडीची पूजा करायची होती. पुढच्या वेळी पूजा दारातल्या गाडीची होईल, पासिंगची तारीख मात्र मी ठरवीन.

बारा-तेराचा पाना

आदल्या आठवड्यात तपासणी करायची तर गाड्या आदल्या आठवड्यात यायला हव्यात. अनेकदा ट्रक आदल्या रात्री रिकामा होतो. असो. साखळी सैल करून घेतली असेल, तर 500 किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाहून घ्या, नवी साखळी सुरुवातीला थोडी वाढते. आणि ती ताठ असताना गाडी किती चालली, ते सर्व्हिसिंगच्या वेळी जॉबकार्डावर लिहून घ्यायला लावा. ताठ साखळीचा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जातो आणि त्याचा आवाज वॉरंटी संपता संपता येतो.