आधी लाइटच्या पिना बघा

दादा, कॉम्प्युटरच्या केसमध्ये (म्हणजे डब्यात) लावायला सहा रंगीत दिव्यांचे पंखे एकदम घ्यायचे म्हणताय, पण आधी मदरबोर्डवर (आतल्या मुख्य सर्किट बोर्डवर) लाइटची वायर जोडायची जागा कोणती आहे ते बघा. एआरजीबी, म्हणजे प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा बदलतो ते, ५ व्होल्ट, ३ पिना. साधं आरजीबी, म्हणजे सगळे दिवे एकाच रंगाचे, १२ व्होल्ट, ४ पिना. माझ्या भाच्याने ५ व्होल्टचा कनेक्टर जोर लावून १२ व्होल्टच्या पिनांवर दाबला. पंखा फिरतोय, दिवे कायमचे गेले!

आणि सहा कशाला? इंदूरच्या मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा रंगापेक्षा हवेची वाट महत्त्वाची. पुढून १२० मिमीचे तीन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, बस्स. आत येणारी हवा जास्त असली की फटींतून धूळ कमी शिरते. पुढची जाळी मात्र दर पंधरवड्याला झटका. माझ्या जाळीवर करड्या लोकरीसारखा थर बसतो. पुढून बंद काचेची केस कृपया घेऊ नका.