स्विफ्ट दोन इंच खाली बसवायची आहे, बजेट २५ हजार. स्प्रिंग कापू का?

यवतेश्वर_वळण (सातारा)

गाडी २००८ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, १.३ पेट्रोल. टायर १६५/८० आर१४, लोखंडी रिम. रनिंग ९६,०००. शॉकअप, बुश (जोडांमधली रबरं), माउंटिंग सगळं कंपनीचंच, अजून एकदाही बदललेलं नाही. टायर सहा वर्षांचे, पण नक्षी शिल्लक आहे. रोजचा रूट सातारा–मेढा, सुट्टीला कास.

यवतेश्वर घाटातल्या वळणांवर गाडी फार कलते, स्टेअरिंग फिरवलं तरी नाक उशिरा वळतं. हायवेला मोठी ट्रॅव्हल्स बाजूने गेली की डुलते. आणि खरं सांगायचं तर टायर आणि फेंडरमधली ती फटही डोळ्यांत खुपते.

एका गॅरेजात म्हणाले, चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून दोन इंच बसवून देतो, मजुरी ३,०००. उरलेल्या पैशात १५ चे अलॉय घे. एकूण बजेट २५,०००, त्यावर एक रुपया नाही. कापू का? नसेल तर याच पैशात काय होईल?

पाना_टॉमी

कापू नका. निदान सुरुवात तिथून नको.

आधी हिशेब. छोट्या हॅचबॅकचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास धरा. गाडी ३० मिमी बसवली तर वळणावर आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकणारं वजन जेमतेम ६ टक्क्यांनी कमी होतं. तुमचे सहा वर्षांचे कडक झालेले टायर आणि ९६ हजार चाललेले शॉकअप याच्या कितीतरी पट जास्त पकड आज खाऊन बसलेत.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेला खांब) आहे. त्यात रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) कुठे असेल हे लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) कोनावर ठरतं. कंपनीच्या उंचीला आर्म चाकाकडे थोडा उतरता असतो. गाडी दोन इंच बसली की तोच आर्म चाकाकडे चढता होतो आणि रोल सेंटर गाडीपेक्षा जास्त खाली जातं. म्हणजे गुरुत्वमध्य आणि रोल सेंटरमधलं अंतर, गाडीला कलवणारा तरफेचा दांडा, उलट लांबतो. स्प्रिंग तेवढ्या प्रमाणात कडक केली नाही तर बसवलेली गाडी आधीपेक्षा जास्त कलते. शिवाय टाय रॉडचा (स्टेअरिंगकडून चाक वळवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलतो, मग खड्ड्यात चाक वर-खाली झालं की स्टेअरिंग न हलवता चाक स्वतःच थोडं वळतं. घाटात ब्रेक दाबलेला असताना ही सवय भलतीच महागात पडते.

तिसरं, जागा. या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिमी. त्यातून ५० गेले, राहिले १२०. चार माणसं आणि डिकीत सामान, आणखी ४० सहज जातात. राहिले ८०. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर १०० मिमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून हळू गेलात तर निभावेल. पण मेढ्याच्या वाटेवर गावोगाव जे उंचवटे आहेत ते त्या मापाचे आहेत का, हे तुम्ही रोज बघताच.

लिंकरॉड (सांगली)

पाना_टॉमी बरोबर बोलले, फक्त कापलेली स्प्रिंग म्हणजे शुद्ध पाप हे मला पटत नाही. पाप गॅस कटरने कापण्यात आहे आणि गरम करून बसवण्यात आहे. उष्णतेने स्प्रिंगचं पाणी (धातूला दिलेला टणकपणा) उतरतं, मग ती महिन्या-दोन महिन्यांत आणखी खचते, तीही चारही बाजूंना वेगवेगळी. पातळ चकतीच्या ग्राइंडरने, पाणी मारत, अर्धा वेढा कापला तर धातूला काही होत नाही.

पण किती उतरेल याचा अंदाज लोक चुकवतात. सोपी रीत अशी: गाडी जमिनीवर उभी असताना स्प्रिंगची दबलेली उंची मोजा आणि हलणाऱ्या वेढ्यांच्या संख्येने भागा. समजा २३० मिमी उंची आणि ५ वेढे, तर एक वेढा कापला की सुमारे ४६ मिमी खाली. अर्धा वेढा, सुमारे २३. आणि पाचातला एक गेला की स्प्रिंग २५ टक्के कडक होते, कारण कडकपणा वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. २५ टक्के कडक स्प्रिंग आणि त्यावर थकलेला शॉकअप, म्हणजे एका उंचवट्यावर तीन उड्या.

स्प्रिंगचं टोक कसं आहे तेही बघा. टोकाचा वेढा लहान होत गेलेला असेल, शेपटीसारखा, तर ते टोक कापायचंच नाही. कापलेलं टोक सीटवर (स्प्रिंग टेकायच्या वाटीत) बसत नाही आणि स्टेअरिंग फिरवताना टणकन आवाज करत फिरतं. मागे तर आणखी घोटाळा. टॉर्शन बीमवर (मागची दोन्ही चाकं जोडणारा आडवा दांडा) स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, नुसती दोन सीटांमध्ये धरलेली असते. आखूड केली की गाडी जॅकवर घेतल्यावर ती हाताने हलते. खड्ड्यात चाक लोंबकळलं तर सीटवरून सरकते. म्हणून मागची कापायची नाही, बस.

आता तुमच्या मूळ तक्रारीकडे. नाक उशिरा वळतं हे मला उंचीपेक्षा लोअर आर्मच्या मागच्या बुशचं लक्षण वाटतं. पुढची बाजू स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर नको. टॉमी (लोखंडी पहार) आर्म आणि सबफ्रेमच्या मध्ये घालून हलका जोर द्या. रबर थोडं दबेल, ते चालतं. पण आर्म पुढे-मागे सरकताना दिसला किंवा रबराला आतल्या नळीपासून सुटलेली चीर दिसली तर बुश गेलं. चाक ३ आणि ९ वाजता धरून हलवलं की टाय रॉड कळतो, १२ आणि ६ वाजता धरलं की बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. स्टॅबिलायझरचे (कलणं रोखणाऱ्या बारचे) लिंक रॉड आणि बारचे दोन्ही बुश स्वस्त आहेत, तपासत बसू नका, बदलून टाका. कलण्यात त्यांचा वाटा मोठा.

एक गोष्ट मात्र मिस्त्रीच्या शेजारी उभं राहून करून घ्या. आर्मचे बोल्ट गाडी वर असताना, चाकं लोंबकळत असताना फुल टाइट करायचे नाहीत. नुसते हाताने लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन हात पुढे-मागे ढकलायची आणि मग टॉर्क द्यायचा. नाहीतर रबर लोंबकळलेल्या स्थितीत धरलं जातं, जमिनीवर कायम पिळलेलं राहतं आणि पावसाळा संपायच्या आत फाटतं. मग दोष कंपनीच्या पार्टला!

यवतेश्वर_वळण (सातारा)

टॉमी लावून बघितली. डावीकडचा मागचा बुश चिरलाय, आर्म बोटभर सरकतो. पुढचा उजवा शॉकअप ओला आहे, मागचे कोरडे. आता पेच असा की चार टायर आणि चार शॉकअप दोन्ही २५ मध्ये बसत नाहीत. आधी काय? आणि १५ च्या अलॉयचा विषय सोडू का?

कृष्णाकाठ_मिरज

अलॉय सोडा. त्याच लोखंडी रिमवर १८५/७० आर१४ बसतो, आणि झेडएक्सआयला (याच गाडीच्या वरच्या मॉडेलला) कंपनीच तोच द्यायची. बाहेरचा व्यास १६५/८० चा सुमारे ६२० मिमी, १८५/७० चा ६१५. फरक एक टक्क्याच्याही आत, स्पीडोमीटर बिघडत नाही. साइडवॉल १३२ वरून १२९.५ वर येते, म्हणजे फार नाही, पण टायर वीस मिमी जास्त रुंद, म्हणजे रस्त्यावर रुंद पट्टा येतो आणि टायर वळणावर कमी मुडपतो. तुमचं उशिरा वळणारं नाक यानेच अर्धं सुधारेल. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) ८८ किंवा वर बघा. टायर घेताना बाजूवरचा चार आकडी कोड वाचा, २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. दुकानातला दोन वर्षं पडून राहिलेला माल स्वस्तात देतात, तो नको.

दोनच टायर घेऊन पुढे १६५ मागे १८५ असला प्रकार करू नका, नाक आणखी बाहेर पळेल. उलटं केलं तर पावसात मागची बाजू निसटेल. घेतले तर चार.

शॉकअप चारही बदलायची गरज नाही, पण बदलायचे ते जोडीने. पुढचे दोन घ्या. सोबत वरचं माउंटिंग, त्याचं बेअरिंग, बम्प स्टॉप (शॉकअप पूर्ण दबू नये म्हणून असलेलं रबर) आणि धुळीचं बूट. हे चार तुकडे वाचवायला गेलात तर पुन्हा तोच स्ट्रट उतरवायची मजुरी द्याल. मागचे कोरडे आहेत तर खालचा बोल्ट काढून हाताने दाबून-ओढून बघा. दोन्ही दिशांना अखंड विरोध (ओढताना दाबण्यापेक्षा जास्त), मध्ये कुठे मोकळी जागा नाही, असं असेल तर आणखी वर्षभर चालू द्या.

आमच्याकडे सांगली-मिरज भागात काळी माती पाण्याने फुगते नि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे डांबर लाटा मारतं. अशा रस्त्यावर कडक स्प्रिंग नाही, चांगला शॉकअप गाडी धरून ठेवतो. साताऱ्याच्या घाटात दोन्ही लागतं हे कबूल.

लिंकरॉड (सांगली)

मिरजकर, माझा क्रम थोडा वेगळा. बुश आणि शॉकअप आधी, टायर त्याच आठवड्यात पण नंतर. गेलेल्या शॉकअपवर नवे टायर चढवले की टायरवर जागोजाग खोलगट ठिपके पडतात, मग कितीही बॅलन्सिंग करा, घुंघुं जात नाही.

स्ट्रट उतरवताना दोन चुका हमखास होतात. वरचा नट सोडवताना रॉड फिरू नये म्हणून मिस्त्री चकचकीत रॉडलाच ग्रिप पाना लावतो. त्यावर बारीक ओरखडा पडतो, तो प्रत्येक वेळी सीलमधून जातो आणि नवा शॉकअप सहा महिन्यांत ओला. रॉडला वरच्या टोकाला धरायला खाच दिलेली असते, तिथेच धरायचं. दुसरी चूक स्प्रिंग दाबायच्या क्लॅम्पची. दोन क्लॅम्प समोरासमोर, आट्यांना ग्रीस, आळीपाळीने थोडं-थोडं हाताने फिरवायचं. एअर गन लावली आणि एक क्लॅम्प सटकला तर स्प्रिंग कुणाच्या तोंडावर जाईल सांगता येत नाही.

नवा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून तीन-चारदा पूर्ण ओढून-दाबून घ्या, आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघते.

आरसी_बुक

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मापांशी नोंदणीतला तपशील जुळणार नाही असा बदल करता येत नाही. कलम १८२-अ (४) मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. शॉकअप, बुश बदलणं ही दुरुस्ती. १८५/७० याच मॉडेलवर कंपनीने दिलेलं माप, त्यात अडचण येऊ नये. कापलेली स्प्रिंग या रांगेत बसत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनीच्या सर्व्हेअरने फोटो काढला तर क्लेमला फाटे फुटतात.

यवतेश्वर_वळण (सातारा)

ठरलं. पुढचे शॉकअप-माउंटिंग, दोन्हीकडचे आर्म बुश, लिंक रॉड, मग चार १८५/७०. यात २५ संपतात. पुढच्या वर्षी पैसे जमले तर बसवायची किती, आणि आत्ताच काही मोजून ठेवायला हवं का?

पाना_टॉमी

हो, मोजून ठेवा. सपाट फरशीवर, अर्धी टाकी, आत कुणी नाही. चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही कोपरे. जमिनीपासून मोजू नका, टायरचं माप आणि हवा बदलली की आकडा फसवतो. डावं-उजवं यात १० मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर एखादी स्प्रिंग खचलेली किंवा तुटलेली आहे. सर्वांत खालचा वेढा चिखलात झाकलेला असतो, तिथे बोट फिरवून बघा.

स्ट्रट बाहेर आहे तोवर आणखी एक फुकटचं काम. बूट वर सरकवून रॉडवर एक प्लॅस्टिकचा झिप टाय घट्ट बांधा आणि खाली टेकवून ठेवा. आठवडाभर नेहमीसारखं मेढा-कास करा, मग बघा टाय बम्प स्टॉपपासून किती खाली थांबलाय. ती शिल्लक जागा २५ मिमी असेल तर एक इंच बसवायचा विचारसुद्धा करू नका. ४५-५० असेल तर २५ मिमीच्या तयार लोअरिंग स्प्रिंग चालतील, चारही एकाच संचातल्या. त्या कंपनीच्या स्प्रिंगपेक्षा कडक असतात, म्हणून वर लिहिलेली रोल सेंटरची तूट भरून निघते. त्यापेक्षा जास्त या रस्त्यांवर नको. बसवल्यावर आर्मचे बोल्ट नव्या उंचीवर पुन्हा ढिले करून पुन्हा टाइट करावे लागतात, हे लिंकरॉड यांनी सांगितलंच आहे. मागे ब्रेकचा लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह एक्सलला जोडलेला असेल तर त्याचाही रॉड लावून घ्यायचा. गाडी बसली की त्या व्हॉल्व्हला डिकी भरल्यासारखं वाटतं, तो मागच्या चाकांना जादा प्रेशर सोडतो आणि ओल्या उतारावर मागची चाकं आधी लॉक होतात.

या वेळच्या कामात स्ट्रट आणि नकलचे (चाक धरणाऱ्या भागाचे) दोन बोल्ट आवळताना मिस्त्रीला चाकाची वरची बाजू आत दाबून धरायला सांगा. भोकातल्या ढिलाईवर थोडा निगेटिव्ह कॅम्बर (चाकाचा वरून आत झुकाव) फुकट मिळतो, वळणावर बाहेरचा टायर सपाट टेकतो. दोन्ही बाजूंना सारखंच दाबायचं, नाहीतर गाडी एकीकडे ओढेल. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी, टायर चढल्यावर. टो (वरून बघता चाकं आत-बाहेर वळलेली असण्याचं माप) कंपनीच्या आकड्यात, स्टेअरिंग सरळ, आणि आधीचा-नंतरचा दोन्ही प्रिंट मागून घ्या. हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, सकाळी थंड टायरमध्ये. नाक अजून जड वाटलं तर पुढे फक्त २ पीएसआय वाढवून घाट चढून या. चाकांचे नट ८५ न्यूटन-मीटरला टॉर्क रेंचने, आणि १०० किलोमीटरनंतर पुन्हा एकदा.