देवनागरीत अक्षरं फिरवताना

इंदूरच्या सराफा बाजारात घडणाऱ्या एका व्हिडिओ गेममध्ये परक्या व्यापाऱ्याची भाषा 'फायनल फँटसी टेन' या गेममधल्या परक्या भाषेसारखी, एका अक्षराच्या जागी दुसरं घालून करावी, अशी एक सूचना आलीय. कल्पना झकास. 'फायनल फँटसी टेन'च्या इंग्रजी आवृत्तीत २६ पुस्तिका, एकेक सापडली की एकेक अक्षर उलगडतं. पण तो हिशेब रोमन लिपीचा. देवनागरीत युनिकोडची (संगणकातली प्रत्येक अक्षर-चिन्हाची) चिन्हं सरसकट अदलाबदल केलीत तर व्यंजनाच्या जागी वेलांटी येते आणि ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकते. व्यंजनं व्यंजनांत, मात्रा मात्रांत, सुटे स्वर स्वरांत फिरवा. हलन्त, अनुस्वार जागेवरच राहू द्या. संवादात खेळाडूचं नाव आपोआप भरण्यासाठी ठेवलेली खूणही वगळा, नाहीतर तीच बदलते आणि नाव भरलंच जात नाही. गिऱ्हाइकांच्या तोंडी मात्र सरळ इंदुरी हिंदी द्या, 'भिया'सकट (म्हणजे 'भैया'). तिला सबटायटल कशाला?