ई-सायकलनं ओंकारेश्वर: फास्ट चार्जर घेऊ का?

सुदामानगरची सायकल
दिवाळीनंतर इंदूरहून ओंकारेश्वर करायचं आहे. तेजाजी नगर, सिमरोल, भेरूघाट, बडवाह, मोरटक्का असा नेहमीचाच रस्ता, अंदाजे ८० किमी. मुक्काम गजानन महाराज संस्थानाच्या भक्त निवासात, दुसऱ्या दिवशी परत. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या आहेत. चार्जर एकच, २ अँपिअरचा, एकेका बॅटरीला सहा तास खातो. दुकानदार म्हणतो ५ अँपिअरचा घ्या. घेऊ का? आणि घाट उतरताना थोडं चार्जिंग होईल ना? मोटर मागच्या चाकात आहे, गिअरवाली.

माळवी पेडल
घाटाचं आधी. काही मिळणार नाही, ताई. गिअरवाल्या हब मोटरमध्ये क्लच असतो. उतारावर चाक फिरतं, मोटर झोपलेली. ब्रेकपॅड तेवढे तपासून घ्या.

फास्ट चार्जर नको. हाच २ अँपिअरचा आणखी एक घ्या. रात्री एकाच चार्जरवर दोन्ही बॅटऱ्या भरायच्या तर बारा तास लागतील, आणि मध्यरात्री उठून पिन बदलणार कोण? दोन असले की आठला लावा, दोनपर्यंत दोन्ही तयार. दुपारी जेवायला दोन तास थांबलात तर प्रत्येकीत ४ अँपिअर-अवर जातात, म्हणजे मिळून ८. ५ अँपिअरवाला तेवढ्या वेळात एकाच बॅटरीत साधारण तेवढंच भरेल, कारण शेवटच्या टप्प्यात करंट आपोआप उतरतो. शिवाय वाटेत एक चार्जर गेला तरी दुसरा आहे.

खरा हिशोब परतीचा. बडवाहपासून सिमरोलच्या पठारापर्यंत जवळपास चारशे मीटर चढ आहे. तुम्ही, सायकल आणि सामान मिळून ११० किलो धरलं तर नुसतं वर चढायलाच १२० वॉट-अवर, मोटरची तूट धरून दीडशे. तुमची एक बॅटरी ३६० ची. तेव्हा सपाटीवर असिस्ट, म्हणजे मोटरची मदत, कमी ठेवा, पाय चालवा, आणि भेरूघाटाच्या पायथ्याशी एक बॅटरी जवळजवळ भरलेली असू द्या.

राऊचा रायडर
५ अँपिअर लावला म्हणून बॅटरी लगेच मरत नाही, भिया. बीएमएसला, म्हणजे बॅटरीतल्या राखणदार सर्किटला, चार्जिंगची मर्यादा असते. बॅटरीच्या लेबलवर ५ लिहिलं असेल तर काय हरकत?

माळवी पेडल
लिहिलं असेल तर खुशाल. बाजारातल्या अर्ध्या पॅकांवर लेबल म्हणजे दुकानाचा फोन नंबर.

नर्मदेकाठचा
दोन गोष्टी. चार्जर नवा घेताना त्यावर आउटपुट ४२ व्होल्ट आहे का बघा. ४८ व्होल्टच्या पॅकचा चार्जर ५४.६ देतो आणि त्याची पिन कधी कधी हुबेहूब तीच बसते. दुसरं, दोन्ही बॅटऱ्या वाय-केबलनं, म्हणजे दोन तोंडांच्या वायरनं, एकत्र जोडून चालवायच्या भानगडीत पडू नका. एक भरलेली, एक अर्धी असली की भरलेलीतून दुसरीत एकदम करंट धावतो. एक संपली की दुसरी लावा.

आणि उन्हातून आल्या आल्या लावू नका. बॅटरी हाताला गरम लागत असेल तर सावलीत अर्धा तास ठेवा. रात्री गादीवर नाही, फरशीवर, आणि दारापासून लांब. भक्त निवासात खोलीत चार्ज करू देतात का, ते कार्यालयात आधी विचारा.

सुदामानगरची सायकल
दुसरा चार्जर बघते. वाटेत बलवाड्याच्या ढाब्यावर चार्जर लावू देतील का? की वीज जास्त लागते म्हणून नाही म्हणतील?

माळवी पेडल
दोन्ही चार्जर मिळून दोन-अडीच छताच्या पंख्यांएवढा भार, आणि पूर्ण बॅटरीला अर्धं युनिटही नाही. तसं सांगा, वर वीस-तीस रुपये द्या. ऑर्डर द्यायच्या आधी सॉकेटला मोबाइल लावून बघा, पुष्कळदा सॉकेटच मेलेला असतो. जेवताना वीज गेली तर चार्जर काढा. ढाब्याचा स्वस्तातला इन्व्हर्टर असला की चार्जर गुणगुणतो आणि तापतो.